‘नाही’ आणि ‘सापडला नाही’

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी एक गोष्ट केली आहे. खुर्चीवर बसून, मान मागे टाकून, डोळे घट्ट मिटून नाकात काडी घालून घेतली आहे. कुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले, कुणाला शिंकांवर शिंका आल्या, तर कुणी डॉक्टरचा हातच धरून ठेवला. मग घरी येऊन अहवालाची वाट पाहिली. त्या अहवालात कामाचा शब्द एकच असायचा. पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. त्या एका शब्दावर घराचे रहाटगाडगे चालायचे किंवा थांबायचे.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी तीस वर्षे व्यवसाय करतो आहे. करोना आला तेव्हा आमच्याकडच्या एका रुग्णालयात नमुने घेण्याचे, आणि इतरांना ते घ्यायला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. नाक आणि घसा हेच माझे रोजचे क्षेत्र, त्यामुळे ते ओघानेच आले म्हणा ना. त्या काळात लोक मला दोनच प्रश्न विचारत. दुखेल का, आणि अहवाल कधी येईल. हा नमुना तुम्ही नेमका कुठून घेता आणि तिथूनच का घेता, असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. खरे तर तोच प्रश्न सर्वात महत्त्वाचा होता. आज मी त्याविषयी बोलणार आहे. कारण त्याचे उत्तर मी फार महागात शिकलो, आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

गोष्ट जुलै २०२० मधली. पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ, टेम्पो चालवणारे. आठ दिवस ताप, खोकला, आणि आता दम लागू लागलेला. बरोबर त्यांची बायको. त्यांच्या नाकातला पडदा एका बाजूला इतका वाकडा होता की काडी आत जाईना. दुसऱ्या बाजूने घालायला गेलो तर रक्त आले आणि त्यांनी माझा हात झटकला. बाहेर पन्नास माणसांची रांग होती. अंगावरच्या त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामाच्या धारा लागलेल्या, चष्म्यावर वाफ धरलेली. मी म्हटले, नाक राहू दे, घशातला घेऊ. घशात काडी जाताच त्यांना ओकारी आली. कशीबशी एकदा फिरवली, नळीत टाकली, वर नाव लिहिले आणि पुढच्याला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला, निगेटिव्ह. त्यांना संशयितांच्या कक्षातून साध्या वॉर्डात हलवले. त्यांच्या बायकोने मला व्हरांड्यात गाठले. ‘‘डॉक्टरसाहेब, निगेटिव्ह म्हंजे नाही ना?’’ मी म्हटले, ‘‘नाही हो ताई. काळजी करू नका.’’

दोन दिवसांनी दम वाढला. श्वासनळीत नळी घालावी लागली. त्या नळीतून ओढून काढलेला स्राव तपासायला पाठवला, तो पॉझिटिव्ह आला. ते गृहस्थ महिनाभराने बरे होऊन घरी गेले. पण साध्या वॉर्डात त्यांच्या शेजारच्या खाटेवर खुब्याचे हाड मोडलेले एक आजोबा होते. त्यांना लागण झाली आणि ते गेले. लागण तिथूनच झाली हे शपथेवर कुणाला सांगता येणार नाही. पण मला स्वतःपुरती शंका नाही. गर्दी होती, वेळ नव्हता, हे सगळे खरे आहे. तरी काडी माझ्या हातात होती.

आपल्याकडे म्हण आहे, ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ त्या दिवशी मला कळले की उलटेही होते. आडात पाणी असते, पण पोहरा पाण्यापर्यंत पोचतच नाही. वर रिकामा येतो, आणि आपण म्हणतो, आड कोरडा आहे.

आता हा पोहरा सोडायचा कुठे ते पाहू. नाकपुडीतून आत जाणारी वाट वर डोक्याकडे जाते असे बहुतेकांना वाटते. ते खरे नाही. ती सरळ मागे जाते, टाळूला समांतर, कानाच्या दिशेने. नाक संपून घसा जिथे सुरू होतो तिथे, पडजिभेच्या वर आणि मागे, एक छोटी खोली असावी तशी जागा आहे. तिथवर पोचायचे तर नाकपुडीपासून कानापर्यंत जितके अंतर असते, साधारण तितकी काडी आत जावी लागते. तिथे ती काही सेकंद ठेवायची, हळुवार फिरवायची आणि मग काढायची. मी शिकवायला सुरुवात केली तेव्हा दहातले निम्मे जण काडी वरच्या दिशेने घालत. ती नाकाच्या भिंतीला अडते, रुग्ण कळवळतो, आणि घेणाऱ्याला वाटते, पोचली. नळीत मात्र येतो तो नाकपुडीतला शेंबूड.

घशाचा नमुना घेतात तो पडजिभेच्या मागच्या भिंतीवरून आणि टॉन्सिलवरून. जीभ, दात, गाल यांना काडी लागू द्यायची नाही. सांगायला सोपे आहे. समोरचा माणूस ओकारी देत असताना करून पाहा म्हणजे कळेल.

नाक आणि घसाच का? या विषाणूला पेशीत शिरायला एक कडी लागते. ‘एसीई-२’ नावाचे प्रथिन ही ती कडी. आपल्या श्वसनमार्गात ती नाकातल्या पेशींवर जास्त आणि खाली फुप्फुसाकडे जावे तशी कमी होत जाते, असे २०२० मध्येच दिसून आले. म्हणजे विषाणूचे बस्तान आधी नाका-घशात बसते. बहुतेकांमध्ये तो तिथेच थांबतो. काहींमध्ये खाली छातीत उतरतो. आणि इथेच मेख आहे. आठ-दहा दिवसांनी छातीत आग लागलेली असते, तेव्हा वरच्या मजल्यावरून तो निघून गेलेला असू शकतो. माझ्या टेम्पोवाल्या रुग्णाचे हेच झाले असावे. त्यात माझा नमुना अर्धामुर्धा.

हे जगाला आधी ठाऊक नव्हते का? थोडेफार होते. मार्च २०२० मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात चीनमधल्या डॉक्टरांचा एक छोटा लेख आला होता. २०५ रुग्णांचे १०७० नमुने त्यांनी तपासले होते. फुप्फुसात दुर्बीण घालून तिथे द्रव सोडून परत ओढलेल्या १५ नमुन्यांपैकी १४ पॉझिटिव्ह होते. छातीतून खोकून काढलेल्या बेडक्यांच्या १०४ नमुन्यांपैकी ७२. नाकातल्या आठपैकी पाच. घशातल्या ३९८ पैकी फक्त १२६, म्हणजे शंभरातले ३२. शौचाचे १५३ पैकी ४४, रक्ताचे ३०७ पैकी तीन, आणि लघवीच्या ७२ नमुन्यांत एकही नाही.

हे आकडे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांच्या फुप्फुसातूनच का नमुने घेतले नाहीत? पण जरा थांबा. दुर्बीण कुणाच्या छातीत घालतात? जो आधीच गंभीर आजारी आहे त्याच्या. घशातली काडी मात्र सगळ्यांना लावतात, सौम्य आजाराच्या माणसालाही आणि बरा होत आलेल्यालाही. आणि नाकाचे नमुने तर आठच होते. आठांपैकी पाच म्हटले की टक्केवारी भारदस्त दिसते, पण एखाद-दुसरा इकडचा तिकडे झाला की ती कोसळते. दोन जागांची खरी तुलना करायची तर एकाच माणसाचे, एकाच दिवशी, एकाच हाताने दोन्ही जागांचे नमुने घ्यायला हवेत. एका शेतातला गहू आणि दुसऱ्या शेतातली ज्वारी मोजून कुठली जमीन कसदार हे ठरवता येत नाही.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या झुहाई शहरात डॉक्टरांनी साधारण असेच केले. तिथे १८ जणांच्या नाकाचे ७२ आणि घशाचे ७२ नमुने दिवसागणिक तपासले. घशापेक्षा नाकात विषाणू जास्त आढळला. त्या १८ जणांत एक जण असा होता की त्याला काहीच त्रास नव्हता, पण त्याच्या नाका-घशातला विषाणू त्रास असलेल्यांइतकाच होता. ही बातमी साऱ्या जगाची झोप उडवणारी होती.

त्यानंतर जर्मनीतल्या म्युनिकमधून नऊ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने जागेबरोबर वेळेचेही महत्त्व दाखवले. २००३ मध्ये ‘सार्स’ची साथ आली होती, तेव्हा नाका-घशातला विषाणू आजाराच्या दहाव्या दिवसाच्या आसपास शिगेला पोचत असे. या नव्या विषाणूची चाल वेगळी निघाली. पहिल्या चार-पाच दिवसांतच घशात तो प्रचंड प्रमाणात असतो आणि मग उतरू लागतो, बेडक्यात मात्र तो नंतरही सापडत राहतो. म्हणून पहिल्या आठवड्यात नाका-घशातली काडी भरवशाची. दुसऱ्या आठवड्यात, विशेषतः दम लागलेल्या माणसात, तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

अगदी सुरुवातीचे दिवसही फसवे असतात. शेजारी पॉझिटिव्ह निघाला की लोक त्याच संध्याकाळी रांगेत उभे राहत, आणि निगेटिव्ह आल्यावर पेढे वाटल्याच्या आनंदात फिरत. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरचे सात अभ्यास एकत्र करून एक अंदाज मांडला. लागण झाल्यापासून चौथ्या दिवशी तपासणी केली तर लागण झालेल्या शंभरातल्या ६७ जणांचा अहवाल निगेटिव्ह येईल. लक्षणे दिसू लागतात त्या दिवशी ३८ जणांचा. त्यानंतर तीन दिवसांनी हे प्रमाण सर्वात कमी, म्हणजे २० वर येते आणि मग पुन्हा वाढू लागते. म्हणजे अगदी उत्तम दिवशीसुद्धा पाचातला एक निसटतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नाकाची आणि घशाची अशा दोन्ही काड्या एकाच नळीत घालायला सांगितले होते, त्यामागे हाच विचार होता. एक पोहरा चुकला तर दुसरा तरी भरून यावा. मी त्या दिवशी दोनपैकी एकच सोडला होता.

पण काडीला पर्याय नव्हता का? होता, आणि तो शोधण्यामागे कारणेही होती. पहिल्या लाटेत साऱ्या जगात काड्यांचाच तुटवडा पडला. कानात घालायची कापसाची काडी इथे चालत नाही. लाकडाच्या दांड्यातले आणि काही प्रकारच्या बोळ्यांतले घटक पुढच्या तपासणीत अडथळा आणतात. कृत्रिम धाग्याचे टोक आणि प्लास्टिकचा लवचिक दांडा लागतो. अशा काड्या बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांपैकी एक इटलीतल्या लोम्बार्डीत होता, आणि करोनाने युरोपात पहिला तडाखा दिला तो नेमका लोम्बार्डीलाच. शिवाय काडी घालणाऱ्याच्या तोंडावर समोरचा खोकतो, शिंकतो, ते वेगळेच. केरळमध्ये एर्नाकुलमला एप्रिल २०२० मध्ये टेलिफोन बूथसारखी काचेची खोली करून डॉक्टर आत आणि रुग्ण बाहेर अशी युक्ती काढली, ती त्यासाठीच.

मग लक्ष गेले लाळेकडे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ७० रुग्णांच्या नाकाच्या मागच्या काडीची आणि लाळेची तुलना केली. निदानानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत लाळेचे ८१ टक्के नमुने पॉझिटिव्ह आले, काडीचे ७१ टक्के. माझ्यासारख्या नाकाच्या डॉक्टरला हे जरा झोंबणारेच होते. पण कारण साधे आहे. लाळ ज्याची त्याने डबीत टाकायची असते. तिथे घेणाऱ्याचा हात चुकत नाही.

आपल्याकडे याहून सोपी गोष्ट झाली. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर तपासणी बसवली. नळीतले पाणी तोंडात घ्यायचे, खळखळून गुळण्या करायच्या आणि परत त्याच नळीत टाकायचे. पुढे प्रयोगशाळेत महागडे संच वापरून विषाणूचा आरएनए वेगळा काढायचीही गरज नाही, विशिष्ट द्रावणात ठेवून गरम केले की काम भागते. मे २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दुसऱ्या लाटेने सगळ्यांना झोडपून काढले होते, तेव्हा खेड्यापाड्यांसाठी अशा पद्धतीचे मोल फार होते. पाच वर्षांच्या मुलाला चार माणसांनी धरून नाकात काडी घालण्यापेक्षा गुळणी कर म्हणणे केव्हाही बरे. तपासणी सोपी असली की ती पुन्हा करता येते. आणि एकदा अचूक करण्यापेक्षा थोड्या कमी अचूकपणे चारदा करणे कित्येकदा अधिक उपयोगी ठरते.

यातही एक गंमत आहे. पोहरा सोडायची उत्तम जागा कायम तीच राहील असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ओमायक्रॉन’ आला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या संशोधकांना दिसले की आधीच्या ‘डेल्टा’त नाकातली काडी सरस ठरत होती, पण ओमायक्रॉनमध्ये लाळेत विषाणू जास्त सापडतो आहे. घसा खवखवणे हे पहिले लक्षण झाले होते, ते तुम्हालाही आठवत असेल. जानेवारी २०२२ मध्ये इस्राएलने लोकांना सांगितले, घरच्या घरी तपासणी करताना आधी घशात काडी फिरवा, मग नाकात. त्याच सुमारास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले, नाकासाठी बनवलेला संच घशात वापरू नका, तो तिथे पारखलेला नाही. दोन देश, दोन सल्ले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत नाक आणि लाळ यांच्यातला हा फरक इतका ठळक दिसला नाही. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसली, की दोन्ही जागा मिळून घेतलेला नमुना एकट्या जागेपेक्षा जास्त रुग्ण पकडतो.

आणि जास्त पकडणे हे नेहमीच चांगले, असेही नाही बरे. जानेवारी २०२१ मध्ये चीनमध्ये काही ठिकाणी गुदद्वारातून नमुने घेऊ लागले. तिथे विषाणूच्या खुणा जास्त दिवस सापडतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जपानने तर आपल्या नागरिकांवर हा प्रयोग नको म्हणून अधिकृतपणे विनंती केली. खुणा सापडतात हे खरे. पण म्युनिकच्या रुग्णांच्या शौचातून भरपूर खुणा मिळूनही जिवंत विषाणू वाढवता आला नव्हता. चोर पळून गेल्यावर अंगणात पावलांचे ठसे राहतात. ठसे दिसले म्हणजे चोर घरात आहे असे होत नाही. म्हणजे पॉझिटिव्ह या शब्दालाही ‘कुठून?’ आणि ‘केव्हा?’ हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग हे सगळे आज कशाला, असे तुम्हाला वाटेल. याचे कारण असे, की नमुन्याचा हा प्रश्न करोनापुरता नाही. क्षयरोगाचेच घ्या. तपासणीसाठी बेडका मागतात. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला. पण माणसे लाजतात. चारचौघांत खोकून थुंकायचे कसे म्हणून डबीत थोडी लाळ टाकतात आणि डबी देऊन मोकळी होतात. अहवाल येतो, जंतू नाहीत. खोकला तसाच राहतो, आणि घरातल्या लहानग्यापर्यंत पोचतो. करोनाला लाळ चालली म्हणून क्षयाला चालेल असे नाही. प्रत्येक जंतूचा आड वेगळा असतो.

म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कुठलाही अहवाल हातात आला की तीन गोष्टी विचारा. नमुना कुठून घेतला? आजाराच्या कितव्या दिवशी घेतला? आणि नीट घेता आला का? डॉक्टरला हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. अहवाल निगेटिव्ह आहे, पण ताप उतरत नाही, दम लागतो आहे, तर अहवालापेक्षा शरीरावर विश्वास ठेवा आणि पुन्हा तपासणी करून घ्या. नमुना देताना थोडे सोसा. ते दोन-चार सेकंद आपल्यासाठी असतात, तसेच शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठीही असतात.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना सांगायचे ते असे. नमुना मनासारखा मिळाला नाही तर तसे कागदावर लिहा. ‘घशातून घेतला, नाकातून घेता आला नाही’ एवढ्या सहा-सात शब्दांना किती वेळ लागतो? मी त्या दिवशी ते लिहिले असते तर निदान पुढचा कुणीतरी ते वाचून थबकला असता.

ते टेम्पोवाले गृहस्थ आजही कधीमधी भेटतात. बायको बरोबर असली तर हटकून हात जोडते, म्हणते, ‘‘साहेब, तुमच्यामुळं वाचले.’’ मला खाली बघावेसे वाटते. व्हरांड्यातला तिचा प्रश्न माझ्या कानात अजून आहे. निगेटिव्ह म्हणजे नाही ना? आज तिने पुन्हा विचारले तर मी सांगेन, ‘‘नाही ताई, निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ असे नाही. निगेटिव्ह म्हणजे ‘सापडला नाही’. आपण पुन्हा एकदा, नीट शोधू.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)